शेतकऱ्यांचे शिष्य : सर आल्बर्ट हॉवर्ड



शिकवायला आलेला माणूस स्वतःच शिष्य होतो, असे क्वचितच घडते. सर आल्बर्ट हॉवर्ड यांच्या बाबतीत ते घडले.

त्यांचा जन्म 1873 साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिज येथे शिकून ते वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या रोगांचा अभ्यास करू लागले. स्वतःचे शेत नाही आणि दुसऱ्याला मात्र उपदेश करायचा, हे त्यांना तेथे खटकले.

1905 साली ते भारतात आले आणि बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून शेतात काम केले. तेथील शेतकरी ज्वारी-मक्यात तूर पेरत, गव्हात हरभरा मिसळत. ही रीत अडाणीपणाची आहे असे न मानता हॉवर्ड यांनी तिचे कारण शोधले.

तुरीची मुळे खोल जातात, ज्वारीची बरीचशी वरच्या थरात राहतात. तुरीच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र मिळवून देतात. म्हणून जमिनीतील नत्रासाठी ती ज्वारीशी फारशी भांडत नाही. ज्वारी कापली की तूर फोफावते. तिची गळलेली पाने आणि मुळे कुजून पुढच्या पिकाला उपयोगी पडतात.

परंतु दाण्यांबरोबर पुष्कळ सत्त्व शेताबाहेर जाते. ते परत कसे करावे? 1924 पासून इंदूर येथे हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. 1930 साली गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले या खतावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. 1934 साली हॉवर्ड यांना 'सर' ही पदवी मिळाली. रासायनिक खतांवर त्यांनी कडक टीका केली, त्यामुळे अनेक शास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात गेले. तरीही 1947 साली मृत्यू येईपर्यंत ते आपल्या मतावर ठाम राहिले.

आजचे शास्त्र खतांना सरसकट नाकारत नाही, मात्र प्रमाण सांभाळायला सांगते. कडधान्याला नत्र जास्त दिले तर मुळांवर गाठी कमी धरतात. त्याला स्फुरद मात्र पुरेसे लागते.

आपल्या बेटावरही उसाच्या दोन ओळींमध्ये घेवडा लावतात. फुलावर आलेले एखादे रोप मुलांसमोर हलकेच उपटून पाहा. गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली, तर जंतू कामाला लागले आहेत असे समजावे. हॉवर्ड यांनीही शेतीचे धडे असेच मातीत हात घालून घेतले होते.