डिझेल नावाचा माणूस

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली होती. पुतण्याची पिकअप खामगावच्या बाजाराला पोती घेऊन निघाली आणि दोन कोस जाते न जाते तोच चढावर दम टाकू लागली. आधी ओढ कमी झाली, मग गचके बसू लागले आणि शेवटी इंजिन बंदच पडले. ट्रॅक्टरला बांधून ती परत जानेफळला आणली आणि मिस्त्रींच्या गॅरेजसमोर उभी केली. पोत्यांवर ताडपत्री ओढून आम्ही दोघे काका-पुतणे बाकड्यावर बसलो. आभाळ भरून आले होते. माल भिजला तर भाव पडणार, हा एकच विचार दोघांच्या मनात होता.

मिस्त्रींनी इंजिनाला हातच लावला नाही. ते सरळ डिझेल फिल्टरकडे वळले. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढून टाकण्यासाठी एक स्क्रू असतो. त्याखाली काचेची बरणी धरून त्यांनी तो सैल केला. आधी आले ते पाणी, मग तपकिरी, बुळबुळीत गाळ आणि त्यानंतर कुठे डिझेल. बरणी त्यांनी उजेडात धरली. डिझेल हलके म्हणून वर, पाणी जड म्हणून खाली. मधली रेघ पट्टीने आखावी इतकी स्वच्छ दिसत होती. डिझेल कुठले, असे त्यांनी विचारले. पुतण्याने मान खाली घालून सांगितले, की पावसाळाभर कॅनमध्ये भरून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेले तेच वापरतो आहे.

मग सफाई सुरू झाली. फिल्टरची वाटी काढून स्वच्छ डिझेलने धुतली. पुसायला धागे सुटणारे फडके चालत नाही, कारण एक धागासुद्धा पुढे जाऊन अडकतो. आतला कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचाच असतो. धुतला तर कागदाची छिद्रे फाटतात आणि घाण चांगल्या बाजूला जाते. टाकीच्या तोंडाची जाळी काढून तीही साफ केली. पाण्याने गंज धरला असेल, या शंकेने नोझलही खोलून घेतले.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. डिझेल इंजिनाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याची गणती नाही. पण त्या दिवशी पुतण्याने सहज विचारले, की काका, याला डिझेल का म्हणतात? ते कोणत्या तरी कंपनीचे नाव असावे, असे त्याला वाटत होते. आपल्या गावात रोज शंभरदा उच्चारले जाणारे हे नाव एका माणसाचे आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मिस्त्रींनाही नव्हते. मग बाकड्यावर बसून मी त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचे काम लहान रुडॉल्फकडे असे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले. पण तिथे सगळ्यांचे पोट भरणे कठीण. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ते गृहस्थ तिथल्या शाळेत गणित शिकवत. दुसऱ्याच्या घरी राहून शिकणारी मुले लवकर शहाणी होतात, हे आपण आपल्याकडेही पाहतो. चौदाव्या वर्षीच रुडॉल्फने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले, की आपण इंजिनिअर होणार.

शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे शिक्षक होते. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांचे जनक म्हणून लिंडे पुढे जगप्रसिद्ध झाले. उष्णतेचे शास्त्र शिकवताना त्यांनी वर्गात सांगितले, की वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, बाकी सारी वाया जाते. इतर मुलांनी ते वहीत उतरवले. रुडॉल्फच्या ते मनातच रुतले. ऐन परीक्षेच्या वेळी तो विषमज्वराने आजारी पडला. परीक्षा पुढे ढकलली, पण १८८० साली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

पुढली दहा वर्षे त्याने लिंडे यांच्या बर्फयंत्रांची नोकरी केली. १८८३ साली मार्थाशी लग्न झाले, तीन मुले झाली. नोकरी सांभाळून इंजिनाचे प्रयोग चालूच होते. वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहताना स्फोट झाला आणि कित्येक महिने त्याला दवाखान्यात काढावे लागले. तरी नाद सुटला नाही.

त्याची मूळ कल्पना पुतण्याला समजावून द्यायला सायकलचा पंप पुरला. भराभर हवा भरली, की पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो. हवा दाबली की तापते. डिझेलचे म्हणणे असे, की हवा इतकी दाबावी, इतकी दाबावी, की तिच्यात नुसते इंधन सोडताच ते आपोआप पेटावे. ठिणगी नको, प्लग नको. आजच्या डिझेल गाडीत हवा दाबून तिच्या मूळ आकाराच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्याएवढी केली जाते. तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि मग तेल पेटायला वेगळे काही लागत नाही.

१८९३ साली त्याला पेटंट मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुप या पोलादवाल्या घराण्याने पैसा घातला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली तेव्हा दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. डिझेल थोडक्यात बचावला. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम एक मिनिट चालले. तोवर कारखान्याचा पट्टा इंजिनाला फिरवत होता. आता इंजिनच पट्ट्याला ओढते आहे, हे आधी एका जुन्या कामगाराच्या ध्यानात आले. तो बोलला काहीच नाही, फक्त डोक्यावरची टोपी काढून त्याने डिझेलला मुजरा केला, असे सांगतात. हे ऐकून आमच्या मिस्त्रींचा पाना क्षणभर थांबला. यंत्राचा आवाज बदललेला आधी मिस्त्रीलाच कळतो, यात त्यांना नवल वाटले नाही.

आणखी तीन वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकच्या प्राध्यापकांनी इंजिनाची रीतसर तपासणी केली. सुमारे तीन मीटर उंचीचे, वीस अश्वशक्तीच्या आसपासचे ते धूड. त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक कामी लावली. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट! जगभरचे कारखानदार परवाना मागायला धावले. चाळिशीच्या आतच डिझेल लक्षाधीश झाला.

पण एक गोष्ट त्याला आयुष्यभर नीट साधली नाही, आणि ती नेमकी तीच होती जी आम्ही त्या दिवशी गॅरेजमध्ये धूत होतो. इतक्या दाबाच्या हवेत तेल सोडायचे कसे? नुसत्या पंपाने ते त्याला जमेना. म्हणून तेल आत फुंकायला त्याने जास्त दाबाची हवा वापरली. ती हवा दाबायला वेगळे यंत्र लागे, ते जड आणि नाजूक. त्यामुळे त्याचे इंजिन कारखान्यात बसले, जहाजात बसले, पण रस्त्यावरच्या गाडीत बसू शकले नाही. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून तेल फवारणारे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले ते १९२७ साली. तोवर डिझेलला जाऊन चौदा वर्षे झाली होती. त्याच घराण्याच्या कारखान्यात आपल्या नाशिकलाही आज नोझल तयार होतात.

मिस्त्रींनी आमचे एक नोझल टेस्टरवर चढवून दांडा दाबला. चांगल्या नोझलमधून धुक्यासारखा फवारा येतो. आमच्या नोझलमधून थेंब ठिबकले. फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, म्हणून त्यांनी दटावले. दोनशे किलोच्या आसपास दाब असतो. तेल कातडी भेदून आत शिरते आणि बोट कापायची पाळी येते. नोझलची सुई तिच्या नळीत इतकी घट्ट बसते, की मधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. तिथे गंजाचा कण काय करील, ते सांगायला नकोच.

डिझेलच्या मनात आणखी एक स्वप्न होते. वाफेची प्रचंड इंजिने फक्त धनिकांना परवडतात आणि लहान कारागीर बुडतो, हे त्याने लहानपणी स्वतःच्या घरात पाहिले होते. आपले इंजिन लहान व्हावे, विणकराच्या, सुताराच्या दारात चालावे, अशी त्याची इच्छा. त्यावर १९०३ साली त्याने एक पुस्तकही लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या तेलावर यंत्र चालवता येईल, ही कल्पना पुढे डिझेललाही फार भावली. त्याचे ते लहान इंजिनाचे स्वप्न आपल्याकडे विहिरीवर खरे झाले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी ऑईल इंजिनांचा कारखाना काढला आणि गावोगाव मोटेच्या जागी इंजिनाची धकधक ऐकू येऊ लागली. आमच्या वडिलांच्या विहिरीवरचे इंजिन हँडल मारून सुरू करताना मी किती वेळा हात झटकत बसलो असेन.

आता गोष्टीचा कठीण भाग. डिझेलला यंत्र कळे, पण पैसा कळला नाही. पेटंटचे खटले, लोकांची टीका आणि अतिश्रम यांनी १८९८ साली त्याची प्रकृती ढासळली. म्युनिकला त्याने महालासारखे घर बांधले. तेलखाणींत आणि जमिनींच्या व्यवहारांत पैसा घातला आणि तो बुडाला. कर्ज वाढत गेले. बाहेर मानसन्मान, मेजवान्या, भाषणे चालूच होती. आत काय चालले आहे, ते त्याने कोणालाही कळू दिले नाही. मार्थालासुद्धा नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर तो चढला. सोबत्यांबरोबर जेवला, गप्पा मारल्या, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून दहाच्या सुमारास आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी निजलेले नव्हते. डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि कोट तेवढे सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. निघताना त्याने मार्थाजवळ एक बॅग दिली होती आणि ती आठवडाभर उघडू नकोस, असे बजावले होते. उघडली तेव्हा तिच्यात काही रोकड होती आणि बँकेची खाती रिकामी असल्याचे दाखवणारे कागद होते. घातपाताचे तर्क पुष्कळ झाले, आजही होतात. नक्की काय घडले, ते त्या रात्रीच्या समुद्रालाच ठाऊक. पण पंचावन्न वर्षांचा तो बुद्धिमान माणूस घरातल्या माणसांपासून आपले ओझे लपवत आला होता, एवढे मात्र खरे.

इथे मी थांबलो. आपल्या जिल्ह्यात अशा गोष्टी ऐकायला पुस्तक उघडावे लागत नाही. प्रत्येक गावाला दोन-चार घरे ठाऊक असतात.

पुतण्या बराच वेळ बरणीतल्या पाण्याकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, की गाडीचे तीन हप्ते थकले आहेत. फिल्टर बदलायला उन्हाळ्यातच झाला होता, पण पैसे वाचवायचे म्हणून टाळला. घरात कोणाला सांगितलेले नाही. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे जे होते, ते सांगून झाले होते.

मिस्त्रींनी नोझल साफ करून पुन्हा टेस्टरवर लावले. या वेळी धुके आले. नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून बसवला, हातपंप मारला आणि स्क्रूमधून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढली. तिसऱ्या खेपेला इंजिन धरले. आधी पांढरा धूर, मग मोकळा, एकसारखा आवाज. पाऊस आला नाही. पोती दुसऱ्या दिवशी बाजारात पोचली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुतण्याने सूनबाईंसमोर हिशेबाची वही उघडली. सूनबाई रागावल्या, पण हप्त्यांसाठी नव्हे, लपवले म्हणून. मग त्यांनीच पेन्सिल घेतली आणि कोणता माल कधी विकायचा, फायनान्सवाल्यांकडे कोणी जायचे, ते ठरवले. हप्ते अजून फिटलेले नाहीत. पण तारखा आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसतात. आणि दर आठवड्याला गाडी काढण्याआधी पुतण्या फिल्टरखाली बरणी धरतो, तळाला पाणी साठले आहे का ते पाहतो.