शेल गॅसचा खडक भिगवणला नाही, नागपूरजवळ कसा? तो शोधणाऱ्या हिस्लॉप यांची गोष्ट

भिगवणला उजनीचे पाणी ओसरले की काठावर काळा खडक उघडा पडतो. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. शेल गॅस यात तयार होत नाही. त्यासाठी शेल लागतो: पाण्याच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा, पापुद्रे सुटणारा खडक. चिखलात गाडलेले वनस्पतींचे अवशेष कोट्यवधी वर्षे दाबाखाली तापले की वायू बनतो आणि तिथेच बारीक छिद्रांत अडकतो.

मग बेसाल्टच्या खाली शेल असेल का? कोयनेला सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. राज्यात जुना शेल पाहायचा तर विदर्भात जावे लागते. तिथले थर सुरुवातीला बारकाईने तपासले ते एका पाद्र्याने, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी.

जन्म १८१७, स्कॉटलंडमधील डन्स. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. काम धर्मप्रसाराचे आणि शाळेचे. खडकांचा नाद फावल्या वेळेतला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी टाकळीत लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म शोधले. कामठी, सिलेवाडा भागात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळाले. मांगलीत सापडलेली उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे नाव ठेवले ब्रॅकिऑप्स.

वयाच्या बाबतीत मात्र हिस्लॉप चुकले. कोळशाच्या या थरांना त्यांनी ज्युरासिक ठरवले. ते त्याहून बरेच जुने, पर्मियन निघाले. हाताशी फक्त पानांचे ठसे आणि युरोपातले नमुने, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी आहे. आता प्रयोगशाळेत शेलची भुकटी तापवून त्यात सेंद्रिय कार्बन किती आणि तो वायू बनण्याइतका तापला होता का, हे मोजतात. याच गोंडवाना कुळातल्या दामोदर खोऱ्यातील शेलमध्ये, दुर्गापूरजवळ, ओएनजीसीला २०११ मध्ये वायू मिळाला.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. सोबत चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल होते. अंधार पडताना एकटे बोरीकडे निघालेले हिस्लॉप पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंड समाजावरची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली.