आधीच्या सगळ्यांच्या कंपन्या बुडाल्या होत्या, तरी वालचंद हिराचंद यांनी जहाज विकत घेतलंच

बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर लागतं. श्री छत्रपती साखर कारखान्याचं गाव. दोन्ही बाजूंना ऊस. तसंच पुढे सणसर, बेलवाडी, लासुर्णे करत गेलं की जंक्शन येतं आणि तिथून एक फाटा वालचंदनगरकडे वळतो.

ज्यांच्या नावाने हे गाव वसलं, त्या वालचंद हिराचंद दोशींची गोष्ट मात्र उसाच्या फडात नाही, समुद्रावर सुरू होते.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजराती जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. पण वालचंद यांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून त्यांना भेटले, दोघांनी भागीदारी केली आणि रेल्वेच्या कामांची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. जम बसला, पैसा आला. खरं तर इथेच थांबलं असतं तरी आयुष्य सुखात गेलं असतं.

पण १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायला निघालं. नाव लॉयल्टी. बांधणी १८९१ ची, म्हणजे जहाज २८ वर्षांचं जुनं. पहिल्या महायुद्धात त्याचा वापर तरंगतं हॉस्पिटल म्हणून झाला होता.

हे जहाज घेऊ नये याची कारणं ढीगभर होती. भारताच्या किनाऱ्यावरची वाहतूक इंग्रजांच्या ब्रिटिश इंडिया या कंपनीच्या हातात होती. १९१४ मध्ये ती पी अँड ओ या बलाढ्य कंपनीत सामील झाली आणि दोन्हींची सूत्रं लॉर्ड इंचकेप यांच्याकडे आली.

त्यांच्याशी भिडणाऱ्याचं काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. १८९० च्या दशकात जमशेदजी टाटांनी जहाजं चालवून पाहिली. पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की टाटांना गाशा गुंडाळावा लागला. पुढे १९०६ मध्ये तुतिकोरीनच्या चिदंबरम पिल्लईंनी स्वदेशी जहाज कंपनी काढली. १९०८ मध्ये ते तुरुंगात गेले आणि काही वर्षांत कंपनीही बुडाली.

म्हणजे वालचंद यांच्यासमोरची भीती काही मनाचे खेळ नव्हते. तिला इतिहासाचा आधार होता.

पण युद्धामुळे जहाजांची टंचाई होती आणि भाडी चढलेली होती, हेही तितकंच खरं होतं. वालचंद यांनी हा हिशोबही मांडला. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं.

इथे सिनेमा असता तर विजयाचं संगीत वाजलं असतं. प्रत्यक्षात जहाज तोट्यात गेलं आणि १९२३ मध्ये भंगारात निघालं. ठरल्याप्रमाणे इंग्रज कंपनीने भाडी पाडली. त्याच वर्षी सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. परदेशी वाहतुकीत उतरायचं नाही आणि जहाजांचं एकूण टनेजही मर्यादेतच ठेवायचं, अशा त्याच्या अटी होत्या.

करार मानहानीचा होता. पण टाटा आणि चिदंबरम यांच्या कंपन्या जिथे संपल्या, तिथे सिंदिया जिवंत राहिली. अपमान गिळून टिकून राहणं हीसुद्धा लढाईच असते. १९२९ मध्ये वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि किनाऱ्यावरची वाहतूक भारतीयांनाच मिळावी यासाठी भांडत राहिले.

दुसरीकडे इंदापूर तालुक्यात कळंबजवळ खडकाळ, उंचसखल माळरानावर त्यांचं काम सुरू झालं होतं. नीरेच्या कालव्याचं पाणी होतं, पण बाकी सगळं शून्यातून उभं करायचं होतं. सरकारी जमिनीला शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी जोडल्या. १९३२ मध्ये देशी साखरेला आयात कराचं संरक्षण मिळालं आणि १९३४ मध्ये इथे साखर कारखाना उभा राहिला. ही कहाणी सरळ गोड नाही. खंडाच्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून पुढे खंडकरी शेतकऱ्यांना दीर्घ लढा द्यावा लागला.

वालचंद तोवर पुढच्या कामाला लागले होते. अमेरिकेहून परतताना विमानात विल्यम पॉली हे विमान उद्योगातले गृहस्थ भेटले आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी जून १९४१ मध्ये राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. एप्रिल १९४२ मध्ये त्याच शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम रखडलं. अखेर १४ मार्च १९४८ ला तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. १९५२ मध्ये हा कारखानाही सरकारकडे गेला.

८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले. त्यांनी उभं केलेलं बरंचसं त्यांच्या हातात उरलं नव्हतं. पण बंगळुरूची कंपनी आज एचएएल म्हणून विमानं बनवते, विशाखापट्टणमला जहाजं बांधली जातात आणि वालचंदनगरच्या कारखान्यातून इस्रोच्या रॉकेटचे भाग जातात.

आधीचे का बुडाले, हे वालचंद यांना माहीत होतं. भीती जाईपर्यंत ते थांबले नाहीत, भीतीसकट कामाला लागले. आणि त्यांचं पहिलं जहाज भंगारात गेलं असलं, तरी ते ज्या दिवशी निघालं तो ५ एप्रिल आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.