रोजची गोळी आणि डॉ. कोटणीस

कुंडलिकेला किंवा भोगावतीला पूर येऊन गेला की आमची पथके पेण-रोह्याच्या गावांतून, वाड्यांवरून फिरतात. विहिरीत टीसीएल पावडर पडली का, तापाचे आणि जुलाबाचे रुग्ण किती, कुणाचे डोळे पिवळे दिसतात का, अशी विचारपूस होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत कॉलेजात जाणारा मुलगा फिट येऊन पडला होता. घरच्यांनी त्याच्या नाकाशी कांदा धरलेला. गोळ्यांचा डबा पुराच्या पाण्यात गेला होता आणि तीन दिवस गोळी पोटात नव्हती. ताप-जुलाबाच्या गडबडीत रोजच्या गोळीचे आम्ही कुणालाच विचारले नव्हते.

तेव्हा मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणून आपण त्यांना ओळखतो. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ते घराघरांत पोहोचले. पण ते कशाने गेले, हे फार थोड्यांना माहीत असते. ते गोळी लागून नव्हे, तर फिटच्या आजाराने गेले.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे ते पाच जण. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांचे जहाज मुंबईहून सुटले. तिकडे असतानाच कोटणीस यांचे वडील वारले. सहकाऱ्यांनी घरी जायला सांगूनही ते थांबले.

पुढे ते उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. आजूबाजूचा मुलूख जपानी फौजांच्या ताब्यात होता. वेढ्यामुळे औषधे मिळणे मुश्कील. नोव्हेंबर १९३९ मध्ये याच भागात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून, रक्तात जंतुसंसर्ग होऊन दगावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत होते. जपानी मोहीम होऊन गेली की जळालेल्या गावांत हिवताप, हगवण, खरूज पसरायची. सैनिकांबरोबर गावकऱ्यांनाही हेच डॉक्टर. शिवाय कोटणीस चिनी भाषा शिकून मुलांना शस्त्रक्रिया शिकवत आणि पाठ्यपुस्तक लिहीत.

तिथल्याच परिचर्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन.

याच काळात त्यांना फिट येत होत्या. उपचारासाठी दुसरीकडे जा, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. ते कामावरून हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी एकामागून एक फिट येऊन वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. बाकीचे चौघे मायदेशी परतले.

फिटच्या रुग्णाला जागरण, उपासमार आणि औषधातला खंड सोसत नाही. कोटणीस यांच्या वाट्याला जागरणे आणि औषधांची टंचाई दोन्ही आले. फेनिटोइन हे औषध फिटवर चालते, हे १९३८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे त्यांचे जहाज सुटले त्याच वर्षी. आज ती गोळी सरकारी रुग्णालयात मिळते. तरीही वर्षभर फिट आली नाही म्हणून ती परस्पर बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात.

म्हणून पावसाळ्यापूर्वी एवढे करा. फिट, मधुमेह, रक्तदाब यांच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

आता पुरानंतरच्या फेरीत आमचे पथक ताप-जुलाबाबरोबर आणखी एक प्रश्न विचारते. रोजची गोळी आहे ना घरात?