माधव ज्युलियन: रविवारच्या चहातला कवी
१९२३ च्या सुमारास पुण्यात काही कवी रविवारी चहाला जमायचे. आपली नवी कविता वाचायची, म्हणून दाखवायची, मग त्यावर चर्चा. हेच रविकिरण मंडळ! यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे यांच्यासोबत तिथे असत फारसीचे प्राध्यापक माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव ज्युलियन.

पुढे प्रेमप्रकरणाचा बोभाटा झाला आणि त्यांना फर्ग्युसन कॉलेज सोडावं लागलं. नोकरी गेली, पण लेखणी थांबली नाही. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश आला, १९२७ मध्ये ‘छंदोरचना’. मराठीत गझल रुजवण्याचं श्रेयही त्यांचंच. ‘छंदोरचना’साठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. वर्षभरातच ते गेले, अवघ्या ४५ व्या वर्षी.