डॉ. होमी भाभा आणि आपल्या विहिरीचे पाणी



३० ऑक्टोबर हा डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्मदिवस. भारताच्या अणुविज्ञानाचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहेच. परंतु त्यांनी घालून दिलेला एक नियम डिचोली-पेडण्याच्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावा असे आम्हाला वाटते, कारण तो नियम खाणीजवळच्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचतो.

भाभांचा जन्म १९०९ साली मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. वडिलांची इच्छा होती की मुलाने इंजिनीअर व्हावे. भाभांचे मन मात्र भौतिकशास्त्रात होते. त्यांनी आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या श्रेणीत पूर्ण करून वडिलांचा शब्द राखला आणि मग आपल्या आवडीचा विषय घेतला. १९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले, तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. परत जाणे झाले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या सहवासात त्यांनी काम केले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली.

अणुभट्टीला युरेनियम लागते. म्हणून देशभर खनिजांचा शोध सुरू झाला आणि १९५१ साली तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील, जादूगोडा येथे युरेनियमचा साठा सापडला. हे खनिज फार विरळ असते. एक टन दगड फोडावा तेव्हा सुमारे अर्धा किलो युरेनियम मिळते. बाकी सर्व दगड बारीक गाळ होऊन मागे उरतो. युरेनियमपासून निसर्गतः तयार झालेले रेडियम याच गाळात राहते. गाळ नीट सांभाळला नाही तर पावसाचे पाणी त्यातून झिरपून विहिरीत व नदीत जाऊ शकते.

हा धोका डोळ्यांना दिसत नाही. अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही वेगळी लागत नाही. पाणी उकळले तर त्यात विरघळलेला रेडॉन वायू निघून जातो, पण युरेनियम व रेडियम तसेच राहतात. पाण्यातून बराच काळ जास्त युरेनियम पोटात गेले तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने एक लिटर पिण्याच्या पाण्यात ३० मायक्रोग्रॅम युरेनियम ही मर्यादा सुचवली आहे.

आता तो नियम. फेब्रुवारी १९६० मध्ये भाभांनी तुर्भे येथे लेखी आदेश काढला. किरणोत्सर्गी पदार्थ अशा रीतीने हाताळावेत की कामगारांनाच नव्हे, तर बाहेरच्या कोणालाही इजा होऊ नये, आणि इतर संस्थांनी त्यापासून धडा घ्यावा, असा त्याचा आशय होता. काम करणाऱ्यानेच शेजाऱ्याचीही काळजी वाहायची, हा त्याचा अर्थ.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून भाभांचे निधन झाले. ते ५६ वर्षांचे होते. जादूगोड्याचा कारभार पाहणारे महामंडळ १९६७ साली स्थापन झाले, ते पाहण्यास भाभा नव्हते. तेथील गावकऱ्यांनी आरोग्याच्या व पाण्याच्या तक्रारी वारंवार केल्या. डिसेंबर २००६ मध्ये गाळ वाहून नेणारी नळी फुटली आणि गाळ जवळच्या व्हाळात गेला. नियम कितीही चांगला असो, तो रोज पाळला गेला तरच त्याला किंमत असते.

आपल्या डिचोलीत युरेनियमची खाण नाही. आपल्याकडच्या खाणी लोहखनिजाच्या. पावसात लाल गाळ व्हाळात आणि शेतात उतरतो, तो आपल्याला दिसतो. खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसले की आसपासच्या विहिरी आटतात, तेही दिसते. म्हणून आपण त्याबद्दल बोलू तरी शकतो. जे दिसत नाही त्याचे काय? युरेनियमचा थोडाफार अंश जवळजवळ प्रत्येक खडकात असतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही, पण पाणी नितळ आहे म्हणजे शुद्ध आहे असे मानणेही बरोबर नाही. ते प्रयोगशाळेत मोजूनच कळते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या इंजिनीअर होईल, कोणी खाणीवर नोकरी करील, कोणी पंचायतीत बसेल. गावात कोणतेही मोठे काम येईल तेव्हा पहिल्या दिवशीच विचारा, की विहिरींचे पाणी आधी तपासले का, आणि पुढे दरवर्षी कोण तपासणार? हा प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे. भाभांचा आदेश हेच सांगतो.

डॉ. भाभांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.