विश्लेषण : सफाई कामगाराच्या दम्यातून घरगुती व्हॅक्यूम क्लीनर कसा घडला?

घरात मांजर किंवा कुत्रा असला की केस आलेच. इस्लापूरसारख्या गावातल्या दोन खोल्यांच्या घरात झाडू मारला, तर हे केस फरशीवरून उठतात आणि गादीवर, सतरंजीवर जाऊन बसतात. त्यासोबत उडणारी बारीक धूळ दम्याच्या रुग्णाला त्रास देते. मग व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का आणि घ्यायचा तर कोणता, असा प्रश्न पडतो. याच त्रासाने हैराण झालेल्या एका सफाई कामगाराने ११९ वर्षांपूर्वीच्या आसपास स्वतःसाठी यंत्र तयार केले. त्यांचे नाव जेम्स मरे स्पँग्लर.

स्पँग्लर कोण होते?

स्पँग्लर यांचा जन्म १८४८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. पुढे त्यांचे आयुष्य ओहायो राज्यात गेले. पोटासाठी त्यांनी कपड्यांच्या दुकानात विक्रेत्याचेही काम केले. पण डोके सतत यंत्रांत असे. धान्य कापणीच्या यंत्राचे पेटंट त्यांनी १८८७ मध्ये मिळवले. नंतर गवत ओढण्या-पसरण्याच्या अवजाराचेही पेटंट घेतले. मात्र यातून संसाराला आधार होईल एवढा पैसा कधी हाती आला नाही. १९०७ मध्ये वयाच्या साठीकडे झुकलेले स्पँग्लर कॅन्टन शहरातील एका मोठ्या दुकानात साफसफाईचे काम करत होते.

यंत्राची कल्पना कशी सुचली?

दुकानातले गालिचे झाडणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांना दमा होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ छातीत जाई आणि खोकल्याची उबळ येई. काम सोडणे परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी हाताशी असलेले सामान जमवले. साबणाची पेटी, झाडूचा दांडा, विजेची छोटी मोटर आणि उशीचा अभ्रा. मोटरवर पंखा फिरे आणि हवा ओढली जाई. त्याच मोटरवर पुढचा गोल ब्रशही फिरे आणि गालिच्यातला कचरा मोकळा करी. हवेसोबत आलेली धूळ मागच्या अभ्र्यात अडकत असे. हे यंत्र एक माणूस सहज ढकलू शकत होता. जून १९०८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

त्याआधी अशी यंत्रे नव्हती का?

होती, पण अर्धवट. मेल्व्हिल बिसेल यांनी १८७६ मध्ये गालिचा झाडण्याचे हातयंत्र आणले होते. त्यात फिरता ब्रश होता, पण हवा ओढण्याची सोय नव्हती. इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये धूळ ओढून घेणारे यंत्र बनवले. मात्र ते इतके मोठे होते की घोडागाडीवरून आणून इमारतीबाहेर उभे करावे लागे आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. स्पँग्लर यांनी ब्रश, हवेची ओढ आणि पिशवी या तिन्ही गोष्टी एका दांड्यावर आणल्या.

मग नाव हूवर यांचे कसे झाले?

स्पँग्लर यांनी कंपनी काढली, पण भांडवल अपुरे होते. परिचयातल्या सुझन हूवर यांनी हे यंत्र घरी वापरून पाहिले आणि पती विल्यम हूवर यांना त्याबद्दल सांगितले. हूवर यांचा घोड्यांचे साज आणि चामड्याच्या वस्तूंचा कारखाना होता. मोटारगाड्या आल्यामुळे त्या धंद्याचे भवितव्य धूसर दिसू लागले होते. त्यांनी १९०८ मध्ये स्पँग्लर यांच्याकडून पेटंट विकत घेतले. घरी दहा दिवस फुकट वापरून पाहण्याची जाहिरात त्यांनी केली आणि मागणी वाढली. पुढे कंपनीला हूवर हेच नाव मिळाले. ब्रिटनमध्ये तर व्हॅक्यूमने घर साफ करण्याच्या क्रियेलाच लोक हूवर म्हणू लागले.

स्पँग्लर यांना काय मिळाले?

ते कंपनीतच कामाला राहिले आणि विक्रीवर त्यांना मानधनाचा वाटा मिळत राहिला. आधीच्या पेटंटांनी दिले नव्हते ते स्थैर्य या यंत्राने दिले. पण ते फार काळ उपभोगता आले नाही. जानेवारी १९१५ मध्ये, आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या सुट्टीवर फ्लोरिडाला निघण्याच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. मानधन त्यानंतरही काही वर्षे कुटुंबाला मिळत राहिले. यंत्रावर मात्र त्यांचे नाव राहिले नाही.

आज यंत्र निवडताना त्यातून काय घ्यावे?

पाळीव प्राण्याच्या केसांसाठी स्पँग्लर यांचेच तीन भाग तपासावेत. पहिला ब्रश. गादी आणि सतरंजीत रुतलेले केस नुसत्या हवेने निघत नाहीत, त्यासाठी फिरता ब्रश लागतो. शहाबादी फरशी किंवा टाइल्सवर मात्र कडक ब्रश केस मागे फेकतो. तिथे मऊ रोलर किंवा ब्रश बंद करण्याची सोय हवी. ब्रशला गुंडाळलेले केस काढण्यासाठी तो सहज बाहेर निघायला हवा.

दुसरा भाग हवेची ओढ. डब्यावरचे वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते त्याचा आकडा. ओढ किती, हे त्यावरून कळत नाही. शक्य असेल तर दुकानात चालवून पाहावे. बॅटरीवरचे यंत्र वीज गेली तरी चालते आणि कोपऱ्यात मावते, पण पूर्ण जोरावर ते लवकर संपते.

तिसरा भाग पिशवी. अभ्र्यातून बारीक धूळ पुन्हा खोलीत येत असे. मांजराची ॲलर्जी मुख्यतः लाळेतल्या व त्वचेतल्या प्रथिनांमुळे होते आणि ही प्रथिने अतिसूक्ष्म कणांवर बसून हवेत तरंगतात. घरात दमेकरी असेल तर हेपा फिल्टर घ्यावा. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. धुळीचा डबा घराबाहेर रिकामा करावा आणि ते काम दमेकऱ्याने करू नये.

शेवटी, फिल्टर आणि ब्रश किनवट किंवा नांदेडला मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारावे. फिल्टर तुंबला की महागडे यंत्रही घरात धूळच उडवते, आणि स्पँग्लर यांची सुरुवात तर त्या धुळीपासून सुटका व्हावी म्हणूनच झाली होती.